एकशे एक
रेवदंड्याची गोदू मासळी विकायची. तिच्या कॅन्सरवरच्या केमोच्या पहिल्याच दिवशी प्रमोदिनी सिस्टरनी तिच्या हातात थर्मामीटर ठेवला. "आता पांढऱ्या पेशी कमी होतील, साधा तापही जिवावर बेतेल. शंभरच्या वर गेला, तर गोळी न घेता मला फोन करायचा." गोदू हसली. "सिस्टर, तापातही मी बाजार कवा चुकवला न्हाय." दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. "एकशे एक हाय. घरचे गोळी घे म्हनतात, मी घेतली न्हाय. रिक्षात बसलेय." सिस्टर धावत सुटल्या; खाट, डॉक्टर, औषध, सगळं त्यांनी तयार ठेवलं. गोदू पोचताच सलाईन लागलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, पेशी वाढल्या. "वेळेत आलात म्हणून वाचलात," डॉक्टर म्हणाले. पुढच्या मंगळवारी सिस्टर नव्या रुग्णांना शिकवायला उभ्या राहिल्या, तोच गोदू पुढे आली. "तुमी बसा, आज मी सांगते."