चौऱ्याऐंशी नंबरची टेप

घड्याळजींच्या मुलीचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती, आणि टेपांच्या खोलीतल्या काकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तुमच्या संस्थेनं त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली होती. घरात त्यांचा आवाज कशातच नाही. प्रत मिळेल का?

काकांनी त्याच दिवशी रजिस्टर उघडलं होतं. चौऱ्याऐंशी नंबरच्या टेपसमोर 'घड्याळजी, मुलाखत' ही नोंद खोडलेली, वर 'ग्रंथालयाची यादी', आणि शेजारी त्यांचीच सही. टेप लावून बघावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. टेप पुसून पुन्हा वापरण्यात त्यांचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं. त्यांनी पुसलं म्हणजे पुसलं. पण हे त्या बाईंना लिहायचं कसं? पत्र ड्रॉवरमध्ये गेलं आणि तिथंच राहिलं.

आता संस्थेनं संगणकाच्या जुन्या टेपा नव्यानं लावायला काढल्या होत्या. नको असलेल्या कोऱ्या करून पुन्हा वापरायच्या. जोडीला नवी इंजिनिअर होती. तिची बोटं चपळ, आणि तोंड बोटांहून चपळ. काकांचा नियम एकच: टेप आधी सुरुवातीला न्यायची, तिच्यावर काय आहे ते वाचायचं, मगच पुसायची आज्ञा टाइप करायची. आपण सांगितल्याशिवाय ड्राइव्ह, म्हणजे टेप फिरवणारं यंत्र, टेप मागे नेत नाही. ती जिथं थांबली असेल तिथूनच पुढचं पुसलं किंवा लिहिलं जातं. काका हे दिवसातून दहा वेळा सांगत, आणि दहाही वेळा ती म्हणे, पाठ झालंय.

चौऱ्याऐंशी नंबर आला तेव्हा जेवायची वेळ झाली होती. ती म्हणाली, ग्रंथालयाची जुनी यादी, हिच्यात बघण्यासारखं काय असणार, पुसून मोकळे होऊ. काका नुसते म्हणाले, वाच. तो नंबर दिसल्यावर त्यांची भूक तशीही गेली होती.

तिनं टेप मागे नेली, वाचायची आज्ञा दिली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"काका, ही यादी नाहीये. आवाजाची फाइल आहे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. तिनं टेप एक फाइल पुढे नेली. ग्रंथालयाची यादी तिथं होती, मुलाखतीच्या पाठीमागे, रांगेत उभं राहिल्यासारखी.

"यादी लिहिताना टेप मागे न्यायची राहिली," ती म्हणाली. "कुठल्या वेंधळ्याचं काम हे?"

"सही बघ."

तिनं सही बघितली आणि जीभ चावली. काकांना मात्र आठवलं. पुसण्याआधी त्यांनी ती मुलाखत शेवटपर्यंत ऐकली होती. फार रंगली होती. ऐकण्याच्या नादात टेप शेवटाला थांबली ती तिथंच राहिली, आणि यादी परत मागायला कधी कुणी आलंच नाही.

तिनं फाइल उतरवून घेतली आणि लावली. घड्याळजी दुकानात कुणाला तरी दटावत होते, स्क्रू खाली पडला की जागचं हलायचं नाही, आधी बघायचं, मग पाय उचलायचा.

काकांनी ड्रॉवरमधून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं तेव्हा तिला सगळं कळलं. ती हळूच म्हणाली, नुसती प्रत पाठवून द्या, बाकीचं कशाला लिहायचं?

"आज मला लिहायला येतंय," काका म्हणाले. "तू जेवून घे."

त्यांनी एकदाही न खोडता लिहिलं: 'आपल्या वडिलांची टेप मी पुसायला घेतली होती. पुसण्यात चुकलो, म्हणून ती वाचली. उत्तर देण्यातही चुकलो. त्या चुकीनं मात्र काहीच वाचलं नाही, आपली तीन वर्षं गेली.' खाली सही केली, रजिस्टरातल्यासारखीच, पूर्ण. मग पाकिटात मुलाखतीची प्रत घातली, आणि इंजिनिअर जेवणाचा डबा बंद करायच्या आत ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.