खाडीचे नियम

वकीलखोलीच्या कपाटात सरकारी गॅझेटचे बाकी सगळे अंक होते, गेल्या वर्षीचा एक तेवढा नव्हता.

“काल सुधीर वकिलांनी नेला,” किल्ल्या सांभाळणारा रघू गुरुदत्तच्या कानाशी येऊन पुटपुटला. “कुणाला सांगू नकोस म्हणालेत.”

रघूच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या ठाणे कोर्टाला ठाऊक होतं. पण गुरुदत्तच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला तो वळवळलाच. सुधीर समोरच्या बाजूचा वकील. त्याचा अशील मोरूशेठ, कल्याणचा मासळीचा बडा ठेकेदार. त्याच्याच तक्रारीवरून चंद्रभागा कोळिणीवर खटला उभा होता आणि तिच्या गावानं गुरुदत्तला वकील नेमलं होतं. खाडीच्या जुन्या नियमांत मनाई असलेल्या जागी तिनं जाळ्यांचे खुंटे रोवले, एवढाच काय तो गुन्हा. पण शाबीत झाला की खुंटे उपटले जाणार होते.

चंद्रभागा दारातच बसली होती. “वकीलसायब, खुंट गेलं तं मी जगू कशी? सायबाचे राज्यापासून खाडी आमचे गावाची हाय. आमचेबिगर कोनी जालं लावलं नाय.”

“रडू नका हो बाई. तो नियम अजून जिवंत तरी आहे का, तेवढं बघू द्या मला.”

दुसऱ्या दिवशी त्यानं कल्याण गाठलं. तिथल्या वकीलखोलीत तो अंक होता. पान उलटलं आणि गडी खुर्चीतून उडालाच. खाडीचे जुने नियम गेल्याच वर्षी रद्द! एखादं कलम नव्हे, सगळेच्या सगळे!

“म्हणून लपवलास होय रे, लबाडा!” तो मोठ्यानं म्हणाला. शेजारचे वकील चमकून बघायला लागले.

सुनावणीआधी सुधीर गोड हसत जवळ आला. “गुरू, कशाला ताणतोस? गुन्हा कबूल करून बाईला मोकळी कर.”

गुरुदत्त तडक आत निघाला. म्हटलं, बस बोंबलत.

कोर्टात त्यानं गॅझेट खणखणीत आवाजात वाचलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे हे सगळेच नियम संपले, असं गावकऱ्यांच्या वतीनं तुम्हीच म्हणताय?”

“होय साहेब. सगळेच.”

“सुधीरराव, तुमचं काही म्हणणं?”

“काही नाही साहेब. मान्य आहे.”

चंद्रभागा सुटली. व्हरांड्यात तिनं गुरुदत्तच्या पायांना हात लावला. सुधीर मोरूशेठशी बोलत उभा होता. गुरुदत्त मुद्दाम त्यांच्यापाशी गेला.

“काय रे, अंक दडवून काय मिळवलंस?”

सुधीरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो शेठकडे वळला.

“शेठ, उद्यापासून खुशाल उतरवा तुमच्या बोटी. नियम संपले असं आपण म्हटलं असतं तर अख्खं गाव आडवं आलं असतं. पण आता गावाच्याच वकिलानं सांगितलंय. खाडी फक्त त्यांच्या गावाची, हे कलमही त्याच नियमांत होतं.”