साहेबाचं आडनाव

दोन वर्षं जाळं रिकामंच वर येत होतं, तरी सत्त्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला नामा कोळ्याने कोलशेतच्या खाडीत सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ सोडलाच. शेजारच्या रंगाच्या कारखान्यात विलायतेहून आलेला ब्लॅकबर्नसाहेब कौतुकाने फोटो काढत होता. सोबत दुभाषी म्हणून नामाचीच लेक शीला, कारखान्यातली टायपिस्ट.

नवखा माणूस दिसला की नामा आधी गाव विचारायचा. "साहेब कंच्या गावचा गं?"

"आडनावातच गाव आहे, बाबा. ब्लॅकबर्न म्हणजे काळा ओढा. ओढ्यावरून गावाला नाव पडलं आणि गावावरून यांना."

तेवढ्यात लाटेने नारळ परत नामाच्या पायाशी आणून टाकला. सोनेरी कागद डांबरासारखा काळा झाला होता.



"सांग त्याला बाय, आता आपून एकाच भावकीतले."