टीव्हीला तासभर आराम

भूपेंद्रने काउंटरवर तीन प्रकार मांडले. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन पेन्सिल सेल आणि शर्टाच्या बटणाएवढा एक चपटा सेल.

"काका, नऊ व्होल्टची दिसाले तगडी, पण लवकर बसते. पेन्सिल सेल घ्या. वर्षभर पाहा लागत नाई."

टिकारामने खिशातून तंबाखूची प्लास्टिकची डबी काढली. घरी बनवलेला रिमोट तिच्यातच बसवला होता. "यात मावले पाहिजे."

"मंग चपटाच. पण दोन महिन्यांच्या वर भरोसा नाई. अन् जाताना सांगून नाई जात."

"चालन."

रिमोट कशाचा, हे भूपेंद्रने विचारलं नाही ते बरंच झालं. सानगडीत उभं आयुष्य लोकांचे रेडिओ-पंखे दुरुस्त केलेल्या माणसाला ते सांगायची लाजच वाटली असती. लेक रीता लग्न होऊन तुमसरला गेली आणि घरात दोघंच उरली. सुशीलाबाई संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची ती थेट निजायलाच उठायची. टिकारामने तोंड उघडलं की हात वर करून त्याला थांबवायची. मालिकेतल्या सुनांची तिला कोण काळजी, आणि इथे नवरा दिवसचे दिवस मुका. त्याला ते फार लागायचं.

म्हणून त्याने टीव्हीच्या प्लगमागे एक खोका बसवला. डबीतलं बटन दाबलं की टीव्ही बंद.

"जुना झाला आता, तापते," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "त्याले तासभर आराम द्या लागते."

सुशीलाबाईने टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं," म्हणाली. त्या संध्याकाळी रीताच्या सासूपासून शेजारच्या म्हशीपर्यंत सगळ्यांवर बोलून झालं.

मग हे रोजचंच झालं. आठ वाजले की टिकाराम मान अंगणाकडे वळवून बटन दाबायचा. बायकोच्या तोंडाकडे पाहत असली लबाडी त्याला जमली नसती. मागे टीव्ही गप्प व्हायचा आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा.

दोन महिने झाले, चार झाले, सहा झाले. सेल चालतच होता. तरी त्याची धाकधूक वाढत गेली. ऐनवेळी सेलने दगा दिला तर पुन्हा तेच मुकेपण. शेवटी तो दुकानात गेला, जुना सेल काढून तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवा मागितला.

"सहा महिने चालला?" भूपेंद्रचा विश्वास बसेना. "माह्या दुकानातला?" त्याने ड्रॉवर उघडला. पाकीट रिकामं होतं. "काका, उद्या लाखनीहून आणतो."

डब्यात तसले मेलेले सेल शे-दीडशे पडले होते. त्यातला आपला कोणता ओळखणार? टिकाराम हात हलवत घरी आला.

आठ वाजले. सवयीने त्याचा अंगठा डबीवर दाबला गेला. डबी रिकामी, म्हणजे लबाडीही नाही, म्हणून आज मान वळवायचं कारण नव्हतं. त्याने सरळ बायकोकडे पाहिलं.

सुशीलाबाईची नजर टीव्हीवर नव्हती. ती त्याच्या अंगठ्यावर होती. तिने मागे न वळता भिंतीवरच्या बोर्डाकडे हात नेला आणि टीव्हीचं बटन बंद केलं.

"तापला वाटते," ती म्हणाली. "बोला."