हवेसाठी नेम

"बाटली उघडलीस की वाऱ्याकडे तोंड कर आणि ती भरेपर्यंत श्वास रोखून धर," निवृत्त होताना सरांनी वेधशाळेतल्या बाईंना बजावलं होतं, आणि बाईंनी तसा शब्दही दिला होता.

यंदा मात्र बाईंनी भरून पाठवलेल्या हवेच्या बाटल्यांत कार्बन डायऑक्साइड वाढतच चालला होता. प्रयोगशाळेतून फोन आला, "बाई, तुमच्याच गच्चीवरचं यंत्र असं काही दाखवत नाही. असंच चाललं तर यंदाचे सगळे नमुने बाद करावे लागतील." सरांनी इतकी वर्षं जपलेलं काम आपल्या हातून मोडणार, या विचारानं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी यंत्रं दुरुस्त करणारे काका त्यांच्यासोबत गच्चीवर आले. बाटली भरेपर्यंत लांब उभं राहून नुसते बघत राहिले.

"बाई, श्वास रोखायचा ना? मग ओठ का हलत होते?"

"अहो, मी कुठं कुणाशी बोलतेय? 'देवा, ही हवा स्वच्छ ठेव,' एवढाच माझा नेम. आकडे वाढले तसं हल्ली जरा जास्त वेळा म्हणते, इतकंच."

काका हसू आवरत म्हणाले, "देवानं ऐकलं की नाही ते माहीत नाही, बाटलीनं मात्र सगळं ऐकलंय."



दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्याखालीच हात जोडले, "हवेचं तू बघ, माझ्या तोंडाचं मी बघते," असं देवाला सांगून टाकलं, आणि ओठ घट्ट मिटून बाटलीसह गच्चीकडे निघाल्या.