नमुन्याचं कुलूप

“हे कुलूप परदेशीच आहे कशावरून?” टेबलावरच्या नमुन्याला हात न लावता निनाद साहेबांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे दमयंतीला ठाऊक होतं. तिने दुकानाची पावती पुढे सरकवली. “माझ्यासमोर सीलबंद खोकं फोडलं, साहेब. सगल्यात वरचं उचललं. कुनाचा हात पन लागला नाय.”

पनवेलच्या सरकारी कामगार कचेरीत ही तिची चौथी खेप होती. विचुंब्याच्या रस्त्यावरचा कुलपांचा कारखाना बंद होऊन आठ महिने झाले होते. बाहेरून आलेल्या स्वस्त कुलपांनी धंदा बसवला, असं शेठनी गेटवर उभं राहून सांगितलं तेव्हा त्यांनी रुमालाने डोळे पुसले होते. बासष्ट कामगारांनी उलट त्यांचीच समजूत काढली. आपली माणसं म्हणजे अशीच.

परदेशी मालामुळे काम गेलं एवढं सिद्ध झालं, की सरकार वर्षभर निम्मा पगार देणार होतं, शिवाय नवं काम शिकवणार होतं. दमयंतीची मुलगी भाविका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मदत मिळाली तर ती शिकणार, नाहीतर दिवाळीनंतर घरी बसणार. दमयंतीला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

“मावशी, कारखान्यात तुमचं काम काय होतं?”

“जुलनी. कुलपाचे भाग बसवायचे. एकोनीस वर्सं.”

“आनी खोक्यात वर जानाऱ्या नगाला कुंकू लावायचं,” शेजारी बसलेला कारखान्यातला बळीराम फिटर हसला. “भायेरून लावलं तर सुपरवायझर पुसून टाकायचा. मग ही बाय कुलपाच्या झाकनाच्या आतून लावायला लागली.”

दमयंती लाजली. “घर राखनारी लक्षमी ती. उघड्या कपालानं कशी धाडू?”

साहेबही हसले. तिला बरं वाटलं. हसणारा साहेब सही करतो, अशी तिची आपली समजूत होती.

“बंद पडण्याआधी काम कमी झालं होतं का?”

“छे! उलट ओव्हरटाइम होता. बिननावाच्या कुलपांची मोठी आर्डर आलती. बाहेरदेशी जानार, नाव तिकडंच घालनार, असं शेठ बोलले. पेढे वाटले आमाला.”

बळीरामने टेबलाखालून तिला पायाने ढोसलं. मदत मागायला यायचं आणि काम वाढलं होतं म्हणून सांगायचं! “पन आमच्या नावाचा माल गोडाउनला पडून होता, साहेब,” तो घाईघाईने म्हणाला. “दुकानदार हीच परदेशी कुलपं मागायचे. आता कारखान्याच्या जागेवर बिल्डरचा बोर्ड लागलाय. इमानतल जवल, सोन्याचा भाव आलाय तिथं.”

साहेबांनी थोडं लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

“आता एकच राहिलं. नमुना माझ्यासमोर उघडायचा. आतला माल परका निघाला तर शिफारस आजच पाठवतो. नाहीतर फाइल बंद करावी लागेल. माझा नाइलाज आहे.”

“उघडा की!” दमयंती म्हणाली. “कर नाय त्याला डर कशाला?”

बळीरामने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. कुलपावर परदेशी अक्षरांचं चकचकीत स्टिकर होतं. ते बघूनच दमयंतीचं डोकं फिरत असे. ह्याच मेल्यानं आपली भाकरी खाल्ली, असं तिला वाटे. पहिला घाव बसला तेव्हा तिला मनापासून आनंद झाला.

दुसरा घाव, तिसरा. रिव्हेट उडाले. बळीरामने नखाने पितळी झाकण उचकटलं, उलटं केलं आणि तो तसाच थांबला. मग त्याने झाकण साहेबांना न देता दमयंतीच्या हातात ठेवलं.

“काय झालं?” साहेब खुर्चीतून वाकले. “ते लाल काय दिसतंय? गंज आहे का?”

दमयंतीने झाकण उजेडाकडे धरलं. झाकणाच्या आत, बरोबर मधोमध, तिच्या अनामिकेच्या टोकाएवढा कुंकवाचा ठिपका होता.