अनोनोचा वाटा

लेख छापून आला तरी मोहनरावांना दमडी मिळणार नव्हती. मिळणार होता तो मान. साऱ्या जगाला सोपी पडावी म्हणून मुद्दाम रचलेली एस्पेरांतो भाषा त्यांनी पाच वर्षं घोकली, आणि शिरूर कासार गावानं या निवृत्त मास्तरांना पाच वर्षं हसून घेतलं. आता एका परदेशी मासिकानं त्यांच्याकडं सीताफळाच्या एस्पेरांतो नावाची कुळकथा मागितली होती. शब्द ‘अनोनो’. लेख झाला होता, शेवट तेवढा जमत नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी ते भिवराबाईच्या पाटीपुढं उकिडवे बसले आणि डोळे उघडलेली फळं निवडता निवडता तिलाच लेख सांगू लागले.

“हे फळ आपलं नव्हे, भिवराबाई. गलबतातून आलंय.”

“सीतामाईचं फळ नि बाहेरचं? गुर्जी, चष्मा बदला.”

मोहनराव खुलले. समुद्रापल्याडच्या बेटांवरची माणसं या जातीच्या फळाला ‘अनोनो’सारखंच काहीसं म्हणत. स्पेनच्या दर्यावर्द्यांनी शब्द उचलला, शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन अंगरखा चढवला, तिथून तो एस्पेरांतोत आला.

“आन् ती बेटावरची मान्सं?”

“बरीचशी तलवारीनं गेली, बरीचशी देवीच्या साथीनं. ती बोली आता कुणी बोलत नाही.” लेखात एवढं होतं, तेही कंसात.

भिवराबाईनं जन्मात कुणाला एक फळ वर घातलं नव्हतं. तिनं मोहनरावांच्या हातातलं मोठं फळ काढून घेतलं आणि मागच्या दगडावर ठेवलं.

“अहो, ते माझं! पाच रुपये जास्त घ्या हवं तर.”

“ते इकायचं न्हाई. डोंगरातनं फळं उतरवली की डोंगराचा वाटा ठिवतो आमी, मंग इकतो. ह्या मान्सांचा वाटा कुनी ठिवला? माजी तीन लेकरं ह्याच फळावर शिकली, गुर्जी.” तिनं दगडाकडं बघून हात जोडले.

मोहनराव घरी आले. कंसातलं वाक्य त्यांनी कंसाबाहेर काढलं, सगळ्यात वर ठेवलं आणि शेवटी त्या बेटावरच्या माणसांचे आभार लिहिले.

लेख गाजला. मान मोहनरावांना मिळाला, फळ भिवराबाईचं गेलं. पण खरं मोल पाचशे वर्षांपूर्वीच कुणी जीव देऊन चुकतं केलं होतं. फुकट खाणारे आपण.